राणीचा चमचा आणि पपईची पाई

सगळ्यात आधी बाईंचं ऋण सांगतो. बाई म्हणजे रनाळ्याच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिका. आमच्या घरी जमीन होती, बैल होते, दुभत्या म्हशी होत्या. पण दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी गेलो, पदवी घेतली, आज एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. हे सगळं बाईंमुळे घडलं, आणि त्याची सुरुवात एका पावसाळी रविवारी त्यांच्या खोलीत एका चमच्यापाशी झाली.

आठवण यायचं कारण म्हणजे यंदाची झड. आमच्याकडे पाऊस नीट कोसळून मोकळा होत नाही तेव्हा झड लागते. आभाळ खाली उतरून बसतं, दिवसभर बारीक भुरभुर चालते, दुपार आणि संध्याकाळ सारखीच दिसते. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पापडाला वास येतो, चुलीतली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, नुसती धुपते. लोक कंटाळतात. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून आभाळाला शिव्या द्यायचे. मला मात्र झड आवडायची, कारण बाई झडीतच पाई करायच्या.

बाई नवापूरकडच्या डोंगरातल्या. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारं, थोडी शेती आणि बाकी मजुरी करणारं ख्रिस्ती कुटुंब. त्यांची आई एका मिशनच्या दवाखान्यात परदेशी मॅडमकडे स्वयंपाकाला होती. पाई, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला विलायती गोड पदार्थ, ती तिथे शिकली होती. पाईच्या पारीला थंड लोणी लागतं. ते मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की थोडं गार पाणी घालून नुसता गोळा करायचा, मळायचं नाही. आमच्या खानदेशच्या उन्हात लोण्याचं हातातच पाणी होतं. म्हणून बाई वर्षभर थांबायच्या आणि झड लागली की म्हणायच्या, "आता हवा माझ्या बाजूची झाली."

मॅडमकडे सफरचंद असायची. बाईंनी अर्धवट पिकलेली पपई घेतली. तिच्या चकत्या गूळ, लिंबू आणि दालचिनीत शिजवायच्या. मॅडम ताटात तळाला कागद लावायच्या, बाई पळसाची पानं लावायच्या, कारण डोंगरात त्यांच्या घरी तांदळाच्या भाकरी पानांत भाजत. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर ताट, वर तवा आणि तव्यावर निखारे. पान करपल्याचा आणि दालचिनीचा वास मिसळून गल्लीत यायचा. लोणी आमच्या घरचं असायचं. ते पोचवायचं काम माझं. माय ते फडक्यात बांधून द्यायची आणि वर सांगायची, "लोनी दी ये, पन तठे काही खावानं नही बरं."

आमच्या घरचं लोणी बाईंच्या घरी जायचं, पण बाईंच्या घरचं काही आमच्याकडे यायचं नाही. गावात ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे. ती तशीच होती.

झडीत शाळेत मुलं कमी यायची. छत गळायचं, मग बाकं एका कोपऱ्यात ओढून बाई धडा बाजूला ठेवायच्या आणि राजाराण्यांच्या रीतीभाती सांगायच्या. त्यांचा आजा डोंगरातल्या एका लहानशा राजाकडे मशाल धरायचा. राजाला पाठ दाखवायची नाही, म्हणून तो मशाल घेऊन उलटा चालत बाहेर यायचा. एकदा उंबऱ्याला अडखळून पडला, तर राजाच आधी हसला. तिकडच्या, विलायतेच्या राणीचं बाईंनी मॅडमकडून ऐकलं होतं. राणीने चमचा उचलल्याशिवाय पंगतीत कोणी घास घ्यायचा नाही, आणि राणीने चमचा खाली ठेवला की सगळ्यांचं जेवण संपलं. मागच्या बाकावरचा एक जाडजूड मित्र ताडकन म्हणाला, "मंग राणीना घर कोन जाई जेवाले!" बाई इतक्या हसल्या की त्यांनाच खोकला आला. त्या दिवशी एका मुलीला राणी केलं, खडूचा चमचा केला, आणि आम्ही सगळे रिकाम्या हातांनी ऐटीत जेवलो.

दहावीचा निकाल लागला तेव्हा बाईंची बदली शहाद्याजवळ लोणखेड्याला झाली होती. तिथे कॉलेज होतं. बाई आमच्या ओट्यावर आल्या, उभ्या उभ्याच आबांना म्हणाल्या, "भाऊ, याला माझ्याबरोबर पाठवा. माझ्याकडे राहील, खाईल, शिकेल. मला मूलबाळ नाही, घर रिकामंच आहे."

आबांनी त्यांना पाणी विचारलं, विचार करतो म्हणाले. बाई गेल्यावर घरात बोलणं निघालं.

"शिकाडाले मी नही म्हनत नही," आबा म्हणाले. "पन रोज बाईस्ना घर जेवन? लोके काय म्हनतीन?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझं पुढचं आयुष्य शेतात जाणार की कॉलेजात, हे त्या वाक्यावर अडलं होतं. माय भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "जो पोऱ्या तठे खाई, त्यानी माय आधी तठे खाई दखी. मंग ठरावा."

मी पळत जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी आभाळाकडे पाहिलं. झड लागलेलीच होती. "रविवारी या म्हणावं सगळे," त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही तिघं पावसासाठी डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेऊन निघालो. शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "काय व, मडमना घर चालनी का? मंग तुले बी मडमना झगा लागीन का आते?" मायने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आबा मात्र कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

बाईंची एकच खोली होती. शाळेचं बाक मधोमध ठेवून त्यावर धुतलेली साडी घडी करून पसरली होती. चार ताटल्या, चार चमचे. मधे पाई, वरून तांबूस, कडांना पानांची काळी झालेली टोकं. छतातून एका पातेल्यात थेंब पडत होते.

आबा खुर्चीच्या टोकावर बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, मन्हा आज उपास शे."

आबांनी उपास धरलेला मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. मायने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"काही हरकत नाही भाऊ, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी तीन ताटल्यांत पाई वाढली. माझ्यासमोर, स्वतःसमोर आणि एक मायच्या रिकाम्या खुर्चीसमोर. माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"ताई, या ना."

"तुम्ही ल्या. मी मांगे खासू."

माझ्या ध्यानात आलं की मोठाच घोटाळा झाला आहे. माय खायला आली होती, मनापासून आली होती. पण पुरुषाच्या आधी तिने जन्मात घास घेतला नव्हता. आबा उपासाचं सांगून बसले होते, म्हणजे ते खाणार नाहीत. ते खाणार नाहीत तोवर माय खाणार नाही. आणि बाई म्हणाल्या, "आज या घरच्या राणी तुम्ही आहात. तुम्ही चमचा उचलल्याशिवाय मी कशी खाऊ? मग आपण सगळेच मागे खाऊ." त्यांनी हात मांडीवर ठेवले. वर्गात आम्ही हसत खेळलेला खेळ त्या अगदी खरा धरून बसल्या होत्या.

मी मायजवळ जाऊन हळूच सांगितलं, "माय, तू खाशी तव्हय बाई खातीन."

"आनि तुन्हा बाप?" ती कुजबुजली.

माय येऊन खुर्चीवर बसली, एवढंच. हात पदरात. कोणी हलेना. पातेल्यात थेंब वाजत होते. पाईची वाफ कमी होत होती, आणि मला वाटत होतं की तिच्याबरोबर माझं लोणखेड्याला जाणंही निवत चाललं आहे. बाई सकाळपासून चुलीशी होत्या, डोळे धुराने लाल झाले होते. त्यांच्या पोटात भुकेने आवाज झाला. तो खोलीत सगळ्यांनी ऐकला. बाई लाजल्या.

आबांनी मान वळवली. आमच्या आबांचा स्वभाव असा, की खळ्यावर आलेल्या मजुराला आधी भाकर, मग काम. वाढलेल्या ताटासमोर कोणी आपल्यामुळे उपाशी बसलं आहे, हे त्यांना सोसवेना. ते एकदम मायवर ओरडले, "आते खाई ले ना व! ती बाई भुकी बठनी शे, दखस नही का?"

माय चपापली. आणि मग तिने चमचा उचलला, क्षणभर पाहिला, शेजारी ठेवला, आणि हाताने तुकडा मोडून तोंडात घातला. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती सावकाश चावत राहिली.

"हाई कनिक मळेल नही शे," ती म्हणाली.

"नाही मळायची, ताई."

"पन मऊ शे." तिने आणखी एक तुकडा घेतला, आणि तिचा चेहरा उजळला. "लोनी तं मन्हंच शे!"

"तुमचंच आहे. गेली तीन वर्षं तुमचंच."

त्या दोघी हसल्या. मी इतक्या घाईने खाल्लं की ठसका लागला; पाई निवली होती म्हणून जीभ तेवढी वाचली. आबा मात्र स्वतःच्या उपासात अडकले होते. समोर पाई, नाकाशी वास, आणि तोंडातून गेलेला शब्द. माय तिसरा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "रविवारना उपास बराच कडक ऱ्हास नही का?" आबांनी खिडकीबाहेरच्या आभाळाला शिवी दिली.

निघताना बाईंनी एक मोठा तुकडा पळसाच्या पानांत बांधून दिला. "भाऊंसाठी. उपास सुटल्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून येत होतो. आबा ओट्यावर उभे होते, पाठ गल्लीकडे. पुडी उघडी होती. त्यांनी शेवटचा घास घेतला, पानाला चिकटलेला पाक बोटाने पुसून चाटला, पान म्हशीपुढे टाकलं आणि मला पाहून म्हणाले, "काय दखस? बाईस्ले इचार, पोऱ्याले कव्हय धाडनं शे."

मी लोणखेड्याला बाईंच्या घरी राहिलो. आधी बारावी, मग पदवी होईपर्यंत. त्यांच्या हातचं रोज खाल्लं. सुटीत घरी गेलो की माय लोण्याचा गोळा बांधून द्यायची, आता काही बजावत नसे. पुढे आबा गेले. बाई निवृत्त होऊन डोंगरात आपल्या गावी राहायला गेल्या. माय माझ्याकडे असते. तिची दाढ दुखते, गुडघे दुखतात, पण झड लागली की ती खिडकीत बसून म्हणते, "हवा बाईस्नी बाजूनी व्हयनी."

या आठवड्यात मोबाइलवर कुठल्याशा राजवाड्यातल्या मेजवानीची चित्रं चालली होती. लांबच लांब टेबल, माणसं काठीसारखी ताठ. मायने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यास्मा पहिला चमचा कोन उचलस?" मी हसलो, आणि संध्याकाळी मैदा घेऊन बसलो. रात्री बाईंना पत्र लिहिलं. त्या मोबाइल उचलत नाहीत, पत्र मात्र लगेच वाचतात. ते असं:

"आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

इकडे झड लागली आहे. तुमच्याकडे त्याहून जास्त असेल. आज मी पहिल्यांदा पाई केली. विजेच्या भट्टीत केली, पण पळसाची पानं शोधून आणली. तुम्ही सांगितलं होतं तसं मळलं नाही, तरी तळ ओलाच राहिला. पपई जरा जास्त पिकलेली होती, तिचंच पाणी सुटलं असेल. बायको म्हणाली शिरा म्हणून खाऊ. मायने सगळ्यांच्या आधी, मला न विचारता, हाताने मोडून खाल्ली. आता तिला कोणाच्या आधी खाण्याचं काही वाटत नाही. लोणी विकतचं होतं, ते तिने लगेच ओळखलं आणि नापास केलं.

आबांचं एक तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यांना अन्न जात नव्हतं. तेव्हा त्यांनी मायला विचारलं होतं, बाई ते पपईचं अजून करतात का. मी त्या वेळी तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही भर उन्हाळ्यात लोण्याशी झगडत बसला असता, म्हणून कळवलं नाही.

बाई, तुम्ही मला इंग्रजी शिकवलं, घर दिलं. पण त्या रविवारी तुम्ही उपाशी बसून राहिलात, त्यामुळे मी शिकलो. हे मला तेव्हा कळलं होतं, बोलता आलं नव्हतं.

मायला तुमच्याकडे यायचं आहे. शेजारून चांगलं लोणी मिळवलं आहे, डब्यात घेऊन येतो. येत्या रविवारी निघू. पपई अर्धी कच्ची आणतो. माय म्हणते, या वेळी पहिला चमचा बाईंनी उचलायचा, त्या वयाने मोठ्या आहेत. तुम्ही ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. तुमचं तुम्ही दोघी ठरवा. मी वाट बघत बसेन, पाई निवली तरी चालेल.

तुमचा विद्यार्थी"