कोऱ्या रकान्यांतला वारा

माधवराव सरांची आणि माझी पहिली भेट कुंभकोणच्या कॉलेजात झाली. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. सर भूगोल शिकवीत, मी गणित शिकवायला नुकतीच बदलून आले होते. तमिळ मुलखातल्या त्या कॉलेजात घरी मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

"शांताबाई, जगभरच्या जमिनीवर पवनचक्क्या उभारल्या तर वीज किती मिळेल?"

"कुठल्या जमिनीवर? जंगलं, गावं, आपली भातशेतं, सगळं धरून?"

"काय वो, पहिल्याच दिवशी अडवलंत! उद्यापासून कामाला या."

मी गेले. का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

देशोदेशींच्या केंद्रांतून वाऱ्याच्या नोंदी मागवायच्या, वस्ती, जंगल, बर्फ वजा करायचे आणि उरलेल्या जमिनीवरचा वारा मोजायचा, असे ते काम होते. काय वजा करावे यावर रोज वाद होई आणि उत्तर रोज बदले. सर शांत असत, मी गोंधळलेली. नोंदवहीत रकाना कोरा दिसला की वारा पडला असणार, असे धरून मी तिथे शून्य भरी. सरांना विचारण्याची गरज मला वाटली नाही.

काही वर्षांनी परदेशातल्या एका ग्रंथासाठी सरांचा लेख स्वीकारला गेला. असा मान आमच्या कॉलेजात कुणालाच मिळाला नव्हता. लेख छापायला जाण्याआधी सर मला तिरुप्पनंदाळजवळच्या एका केंद्रावर घेऊन गेले. तिथे नोंदी ठेवणारे नटराजन वयस्कर होते. वाऱ्याचे यंत्र गच्चीवर, आणि वर जायला एक लोखंडी शिडी.

"आडी महिन्यात इतके रकाने कोरे कसे?" सरांनी विचारले. आडी म्हणजे तिकडचा आषाढ.

"सार, आडीच्या वाऱ्यात वाटणाचा दगडी पाटासुद्धा उडतो म्हणतात. मी त्या शिडीवर चढू? बायको घरात घेणार नाही!"

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, आणि नेमके तेच दिवस मी शून्य केले होते.

परतीच्या बसमध्ये मी सरांना शून्यांचे सांगितले आणि म्हटले, "एका केंद्रावरून जगाचं काय ठरतं? लेख छापायला जाऊ द्या."

"जगात शिड्या किती असतील, बाई?"

दुसऱ्या दिवशी सरांनी लेख मागे घेतला. कारण लिहिले, "माझी चूक." मी भांडायला गेले तर म्हणाले, "सही माझी होती ना?" मग त्यांनी प्रत्येक केंद्राला पत्र धाडले: वारा फार असला की तुम्ही काय करता? कुणी कमरेला दोर बांधून चढत होते, कुणी झाडाकडे बघून अंदाज लिहीत होते, कुणी रविवारी येतच नव्हते. गोंधळ दसपट झाला. अखेर नव्वदच्या दशकात सरांनी एका आकड्याऐवजी दोन टोके छापली, किमान आणि कमाल. मधले अंतर पाहून लोक हसले. खरा आकडा कुठला, हे मला अजून कळलेले नाही. सरांनाही कळले आहे, असे वाटत नाही.

लेख मागे घेणे योग्य होते का, याचाही माझा निर्णय होत नाही. पण कॉलेजात आजवर "माधवरावांची चूक" असेच बोलले जाते, आणि सर ते ऐकून घेतात. म्हणून त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात, त्यांना न विचारता, लिहिते: ती शून्ये माझी होती.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि हे वाचून मला खडसावण्याइतका जोर त्यांच्या आवाजात सदैव राहो.