दंडवत म्हणताच उघडलेला अर्ज

ती तक्रार आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा अमरावतीत सायबर शाखेत होतो. सलग तीन हंगाम कपाशी बुडाली होती. रिद्धपूरजवळच्या एका शेतकऱ्याच्या मुलीने अकोल्याच्या सरकारी नर्सिंग कॉलेजसाठी ऑनलाइन अर्ज भरला होता. कोणीतरी तिच्या खात्यात शिरून पसंतीक्रमातून अकोलाच काढून टाकले आणि पासवर्डही बदलला. दुरुस्तीला दोन दिवस उरले होते.

गावात नेट सेंटर चालवणारे चाचा स्वतःहून ठाण्यात आले.

"साहेब, लोकं पासवर्ड विसरतात म्हणून मी सगळ्यांले एकच टाकून देतो. दंडवत. महानुभावांचं गाव, उठताबसता तोंडात तेच. गलती माझी हाय." मग हळूच म्हणाले, "परवा एक जण हिचा अर्ज उघडून बसला होता. मले वाटलं, नातलग असंन."

त्या माणसाला बोलावले. त्याची पुतणी गुणवत्ता यादीत मुलीच्या लगेच खाली होती.

"पासवर्ड कोणी दिला?"

"कोणी काहून देईन, साहेब? अर्ज क्रमांक यादीत होता. बाकी दंडवत टाकलं, पहिल्याच बारीत उघडलं."

जबाब नोंदवला. तरी खाते इतक्या सहज उघडते हे मला पटेना. आमच्या महिला शिपायाने दोन चाचणी खाती तयार केली. पहिल्याला 'दंडवत' ठेवले आणि शब्दामागून शब्द घालून पाहणारा प्रोग्राम सुरू केला. मी चहाचा कप उचलायच्या आत खाते उघडले. दुसऱ्याला लहानमोठी अक्षरे, आकडे, चिन्हे मिसळून लांबलचक पासवर्ड ठेवला.

"याला किती वेळ?" मी विचारले.

"तुमच्या नातवाचा नातू रिटायर होईन, साहेब, तरी मशीन चालूच राहीन. एकेक अक्षर वाढलं की शक्यता कितीतरी पटीनं वाढतात."

मी थक्क होऊन त्या पडद्याकडे पाहत राहिलो. बँकेच्या वेबसाइटवरच्या पासवर्डच्या ज्या अटींना मी कटकट म्हणत आलो, त्या अटींनी उभी केलेली भिंत मला पहिल्यांदाच दिसली. ती बांधायला पैसा लागत नाही, ओळख लागत नाही. जिच्या घरी दाराला धड कडी नाही, तिलाही ती तेवढीच मजबूत मिळते. मग तिला 'विसरशील' म्हणून सोपा शब्द देणारे आपण कोण?

प्रवेश विभागाला पाठवलेल्या आमच्या पत्रावर मुदतीच्या आत खाते पुन्हा मुलीच्या हाती आले. ठाण्यातच ती नवा पासवर्ड टाकायला बसली. बाप वाकून पाहू लागला.

"मले तरी सांगून ठेव."

"नाही बाबा. तिकडं तोंड करा."

बापाने तोंड फिरवले. मीही फिरवले. तिने अकोला पहिल्या क्रमांकावर टाकले.