शेटे बाईंचा उन्हाळा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी शेटे बाईंचं नाव घेतो. आष्टी तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि तो बाईंमुळे झालो. तरी त्या प्रेमळ होत्या, असं मला लिहिता येणार नाही.

शाळेच्या रोपवाटिकेत बाई रोज रांगेनं फिरत आणि अंगठ्याच्या नखानं एकेका रोपाची साल किंचित खरवडत. आत हिरवं दिसलं तर पुढं जात. तपकिरी दिसलं की थांबत. "उपटा. मढं सांभाळत बसू नगा." ज्यानं लावलं त्यानंच उपटायचं, असा नियम होता.

"पुस्तकात हवामान बदल शेवटच्या धड्यात हाय," त्या म्हणायच्या, "आपल्याकडं तो पयला धडा हाय." विहीर खाली गेली की वर्ग विहिरीच्या काठावर भरायचा. एकदा वृक्षारोपणाला पाहुणे आले. फोटोसाठी त्यांच्या हातात बाईंनी रिकामी झारी दिली. साहेबांनी ती हलवून पाहिली. बाई म्हणाल्या, "फोटोत पाणी दिसत न्हाई, सायब. तुमी वाका फक्त."

आम्ही दहावीत असताना बीडला रोपवाटिका आणि ठिबक सिंचनाचं निवासी शिक्षण सुरू झालं. राहणं-खाणं फुकट, पण प्रत्येक शाळेतून एकच मुलगा. आमच्यात पाचर कलम नीट बांधणारे दोघंच होते, मी आणि माझा मित्र अंकुश. खरं सांगायचं तर अंकुशचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता. बाईंनी दोघांना सीताफळाच्या कलमांची एकेक रांग दिली आणि रोज एकेक बादली पाणी. "उन्हाळाभर सांभाळा. ज्याची रांग जगंल त्यो बीडला जाईल."

एप्रिलमध्ये बादली अर्धी झाली. मी संध्याकाळी रांगेत फिरलो, नखानं साली खरवडल्या आणि अशक्त कलमांचं पाणी तोडलं. अंकुश मात्र प्रत्येक कलमाच्या पिशवीत सारखं पाणी घालत राहिला.

"आरं, ही वाळकी सोड की," मी म्हणालो.

"का म्हून सोडू? मीच बांधलीत की रं," तो म्हणाला.

मे संपता संपता माझी निम्मी रांग हिरवी होती. अंकुशची सगळी गेली होती.

सुट्टी असूनही बाईंनी पूर्ण शाळा रोपवाटिकेत बोलावली. अंकुशला एकेक कलम उपटून ढीग करायला लावला. शेवटच्या कलमापाशी तो थांबला. "बाई, ह्ये जगंल. दोन दिस थांबा की."

बाईंनी साल खरवडून सगळ्यांना दाखवली. "बघा रे पोरांनो. ही मायेची बाग. सगळ्यास्नी सारकं पाणी, सगळ्यास्नी सारकं मरण." मुलं हसली. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू निर्दय हायस. तुझं भागंल. जा बीडला."

आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. अंकुश त्या वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, आणि पुढं दरवर्षी जात राहिला. मी बीडहून कृषी महाविद्यालयात गेलो. आता एका शाळेत मुलांना हेच काम शिकवतो. बाई निवृत्त होऊन आष्टीजवळच्या कडा गावात राहतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं.

"आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

यंदा आमच्याही शाळेची विहीर आटली. मी मुलांना अशक्त रोपं उपटायला सांगितली. एका मुलीनं आपलं रोप छातीशी धरलं आणि म्हणाली, 'सर, मी घरी माझ्या प्यायच्या पाण्यातलं घालीन.' मी तिला सगळ्यांसमोर ते उपटायला लावलं. तुमचेच शब्द वापरले. मुलं हसली. बाकीची रोपं जगली आहेत, पावसाळ्यात लावू.

ती मुलगी त्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिच्या घरी जावं असं रोज वाटतं, पण दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही. हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं. म्हणून विचारतो, राग मानू नये. बाई, तुम्ही अंकुशच्या घरी कधी गेला होतात का?

आपला आज्ञाधारक विद्यार्थी."