मूठ कानाला

तीन आठवड्यांपूर्वी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढत होतो, तेवढ्यात फोन आला. गोविंदराव गेले... निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं.

गोविंदराव आमच्या कारखान्यातले फिटर, तंजावरकडच्या मराठी घरातले. मी पुण्याहून नवा साहेब होऊन आलो, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, करून टाकलं. आपली पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास येऊन ते फिरायचे. लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मशिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. खरखर ऐकू आली की मशिनवाल्याला हळूच सांगून पुढे. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

माझं शहाणपण मला गप्प बसू देईना. मी योजना काढली: सापडलेल्या प्रत्येक बिघाडाला पॉइंट, पहिल्या नंबराचा फोटो फळ्यावर, शिवाय बक्षीस म्हणून मिक्सर. पहिला कोण आला, हे सांगायला नकोच. पंधरा दिवसांनी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“तंबी, माझं नांव फळ्यावरून काढ.”

“का हो? लोक धडपडतात त्यासाठी.”

“पोरं हसतात, पॉइंटला आला म्हणतात. तें असूं दे. पण आता मूठ कानाला लावली की मी मनात पॉइंट मोजतों. मशिन ऐकू येत नाही.”

मला राग आला. माझ्या वरच्या साहेबांपुढे योजना मिरवून झाली होती. “नियम सगळ्यांना सारखा,” मी म्हणालो.

“मग मला फिरणं नक्को.”

दुसऱ्या दिवसापासून ते शिट्टी होईपर्यंत कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसू लागले. तसे बसलेले ते मला बघवत नसत. ते फिरणं त्यांचं स्वतःचं होतं आणि मी ते हिरावून घेतलं होतं, हे कळायला मला महिना लागला. साहेबांची बोलणी खाऊन योजना गुंडाळली आणि कँटीनमध्ये जाऊन त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “कॉफी घे.”

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या सकाळी ते टोकाच्या लाइनीवर दिसले. मला बोलावून त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली.

“काय ऐकू येतं?”

“नुसती घरघर.”

“एकसारखी?”

“हो.”

“मग बरी आहे,” म्हणाले आणि हसले.

गोविंदरावांच्या एग्मोरच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी, त्यांच्या पत्नीनं, तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. मिक्सर माळ्यावर खोक्यातच होता. काल मी स्वयंपाकघरात फ्रिजला टोक टेकवून मूठ कानाला लावली. घरघर एकसारखी होती. तरी बराच वेळ तसाच उभा राहिलो...