एतेरीआजींचा राहिलेला फोटो

"यल्ला, ये लवकर, चहा गार होतोय," असा मेसेज मी अरविंदला टाकला आणि बहरीनच्या अदलिया भागातल्या हॉटेलात आमच्या शुक्रवारच्या टेबलाशी बसून राहिलो. उत्तर आलं ते त्याच्या बायकोच्या, मेधावहिनींच्या फोनवरून. "भाऊजी, हे गेले हो..." झोपेतच गेला. त्याला आता काही आठवडे झाले, तरी त्या हॉटेलसमोर गाडी थांबवायचा धीर होत नाही.

एरवी बँकेत आकडेमोड आणि रजा मिळाली की जॉर्जिया, हा त्याचा खाक्या. बहरीनमधली आमची माणसं तिथे बर्फात सेल्फी काढायला जातात. हा पठ्ठ्या दर वर्षी एकाच खेड्यात जायचा. सोव्हिएत देश मोडला, पुढे लढाई झाली आणि त्या गावाच्या मधूनच काटेरी कुंपण गेलं. तिथल्या एतेरी नावाच्या एका आजींचं घर अलीकडे राहिलं, त्यांची सफरचंदांची बाग पलीकडे. अरविंद दर वर्षी त्यांचा एकच फोटो काढायचा, कुंपणापाशी उभं राहून बागेकडे बघतानाचा.

त्याचे नियम ठरलेले. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. त्यांच्या घरचं खायचं, लाकडं फोडायची, बसायचं. पुढच्या वर्षांत आधी मागचा फोटो हातात द्यायचा, मगच नवा काढायचा. मी चिडवायचो, "लेका, तुला लग्नाचे फोटो काढायला दिले असते तर पोरं शाळेत जाईपर्यंत अल्बम आला नसता!" तो नुसता हसायचा. एकदाच म्हणाला, "लढाईचे फोटो सगळेच काढून नेतात रे... परत कोण जातं?"

परवा वहिनींनी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर आजींचा गेल्या वर्षीचा फोटो होता, पुठ्ठ्यात नीट बांधलेला. आजी फार थकल्यात, असं त्यांच्या नातीने कळवलं होतं.

"गाडीचा आवाज आला की दारात येतात म्हणे," वहिनी म्हणाल्या. "कुरिअरने पाठवू का?"

मला एकदम राग आला. कुणाचा, कुणास ठाऊक. "कुरिअर कशाला? मी जातो की!" म्हणालो आणि फोटो उचलून घेतला.

वहिनींनी दारामागच्या खुंटीवरचा त्याचा कॅमेरा काढून माझ्यापुढे धरला. "मग हाही न्या. यंदाचा फोटो राहायला नको."

"नको वहिनी. माझी पहिलीच खेप आहे."

त्या रडता रडता हसल्या आणि कॅमेरा परत खुंटीला अडकवला.