काचेवरचा डाग

परवा भाऊबीजेच्या संध्याकाळी मी बाबांना नावेत बसवलं आणि गंगेपलीकडच्या वाळूवर घेऊन गेले. नवी दुर्बीण दाखवायचं निमित्त होतं... खरं तर आई गेल्यापासून ते घराबाहेरच पडत नव्हते.

आमचं बनारसमधलं मराठी घर. इथे कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या टांगतात आणि त्यांत गेलेल्या माणसांसाठी आकाशदीप लावतात. आई दरवर्षी स्वतः दोरी ओढून तिच्या आईवडिलांचा दिवा वर चढवायची.

यंदा तिचाच दिवा लावायचा होता आणि बाबा तयार नव्हते. रिटायर्ड गणिताचे मास्तर ते. इतकासा उजेड जाऊन जाणार कुठवर, म्हणून विषयच मिटवायचे. मी सांगून सांगून थकले, तोवर इथला, कोजागरीपासूनच धरतात तो कार्तिक अर्धा सरला.

वाळूवर छान अंधार होता. आकाशात हवी ती जागा शोधली आणि दुर्बीण बाबांच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं, शालीने काच पुसली. परत पाहिलं, परत पुसली... काचेवर डाग आहे म्हणाले.

तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका! आपल्या आकाशगंगेसारखीच सर्पिल, पण तिच्याहून मोठी, अब्जावधी ताऱ्यांची. आपल्याला ती तिरकी दिसते, त्यात आपली दुर्बीण छोटी, म्हणून तिचे वळसे कळत नाहीत. आणि ती हळूहळू आपल्याकडेच येतेय... हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

बाबांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. मग म्हणाले, "ही रोशनी तिथून निघाली कधी?"

"पंचवीस लाख वर्षांपूर्वी, बाबा. आपल्यासारखी माणसंही नव्हती तेव्हा."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. शेवटी नाववाल्यानेच हाक मारली तेव्हा उठले. परतताना समोर घाटावर टोपल्यांमधले दिवे दिसत होते, पण मी त्यांचं नाव काढलं नाही.

काल संध्याकाळी पाहते तर बाबा धुतलेला कुर्ता घालून दारात उभे. घाटावर दोरी त्यांनी मला धरूसुद्धा दिली नाही. टोपली डुलत डुलत बांबूच्या टोकाला पोचली, तेव्हा मान वर करून एवढंच म्हणाले, "पोचेल गं. टाइम लागेल."

मी आयुष्यात इतकं मोठं काही पाहिलं नव्हतं... ना ती दीर्घिका, ना तो दिवा.

आई, तुझा दिवा निघालाय गं.