वाहक कोण

तुळसाबाईच्या तोंडी लागायची आमच्या गावात कोणाची छाती नाही. सरपंचसुद्धा तिले पाहून रस्ता बदलते. मी आशा कार्यकर्ती, घरोघरी फिरायचं माह्यं कामच, म्हणून मले रस्ता बदलता येत नाही. पंधरा वर्षं मी तिच्या शिव्या खाल्ल्या अन् तिच्या हातचा चहाही पेला. "नूतन, तू आली म्हणजे कोणीतरी बिमार आहे, नाहीतर होणार आहे," असं म्हणून ती बसायले पाट सरकवते. तिच्याबद्दल सांगायचं तर खरंच सांगावं लागते, नाहीतर उद्या माह्यी काही खैर नाही.

गाव लांजीपासून आठ किलोमीटर. तिचं धानाचं वावर जंगलाले लागून आहे. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, ही बाई आता वावर सोडते. तिनं वावर सोडलं नाही, कुत्री पाळली. रानडुकरं आली की कुत्री भुंकत अन् ही हातात काठी घेऊन बांधावर उभी. पह्यली काळी, मग काळीची चांदी, मग चांदीची लाली. आमच्याकडे कुत्र्याची ओळख आईवरूनच सांगतात, बापाचं नाव कोणी काढत नाही. तुळसाबाईले काळीपासूनची सारी पिल्लं तोंडपाठ होती, कोणतं जगलं, कोणतं मेलं, कोणतं कोणाच्या घरी गेलं, सारं.

तिची एकच पोरगी, साधना. साधनाचा एकच पोरगा, अंकित. चार वर्षांचा होता तेव्हा त्याच्या पिंढऱ्या अशा भरलेल्या, अशा टणक, की जो तो म्हणे, "पहिलवान होते हे पोट्टं." मीही म्हटलं. वजन करायले गेली होती अन् पिंढरी दाबून म्हटलं. आशा असून म्हटलं! तेच आजाराचं पह्यलं लक्षण होतं, हे मले मागून समजलं.

सहाव्या वर्षी तो पहिलवान उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायले लागला. नागपूरले नेलं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, असं नाव सांगतलं. अंगाचे स्नायू झिजत जातात, औषध नाही. आणखीही बरंच काही कागदावर इंग्रजीत लिहून देलं होतं. तो कागद साधनाच्या पेटीत गेला. तुळसाबाईले कागदाची गरजच नव्हती. तिचा निकाल लागून गेला होता.

साधनाचा नवरा तेजराम, आमगावचा. त्याचा बाप लंगडत चालायचा. लहानपणी बैलांच्या खासरावरून पडून पाय मोडलेला, हे साऱ्या आमगावले माहीत. पण रागाले पुरावा लागत नाही. भर खळ्यात, धान मळायले आलेल्या दहा माणसांसमोर तुळसाबाई जावयाले म्हणाली, "तुह्या रक्तातच खोट आहे. बाप लंगडा, पोरगं लुळं. माह्या पोरीच्या पदरात किडकं बियाणं टाकलं तुनं." जावयाले अहो-जाहो करायची आमची रीत. तिनं त्या दिवशी त्याले अरे-तुरे केलं, तेही चारचौघांत.

तेजरामनं पिशवी उचलली अन् गेला. साधना मागं राह्यली, कारण अंकितले सांभाळायले दोन बायका लागत अन् आमगावले दुसरी बाई नव्हती. तुळसाबाईनं सांगून टाकलं, "हा उंबरठा तो पुन्हा ओलांडणार नाही."

सहा वर्षं त्यानं ओलांडला नाही. पण तो गोंदियाच्या लाल गाडीवर वाहक आहे. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर 'वाहक' लिहिलेलं. गाडी लांजीपर्यंत येते. मी मीटिंगले लांजीले गेली की तो संत्र्याच्या गोळ्यांची पुडी माह्या हातात ठेवायचा अन् विचारायचा, "ताई, बसते काय अजून? हातानं जेवते काय?" मी हौ म्हणायची. बसणं बंद झालं त्या वर्षीही मी हौच म्हटलं. पुडी मी अंकितले चोरून द्यायची. पोट्टं कागदसुद्धा टाकत नव्हतं, उशीखाली ठेवायचं.

मागच्या वर्षी लालीले पाच पिल्लं झाली. त्यातला एक भुरा. दोन महिन्यांचा झाला तरी ताठ ताठ चालायचा, सशासारखे मागचे दोन्ही पाय सोबत टाकायचा. जीभ जाड, लाळ गळायची, दूध गिळताना ठसका लागायचा. गावानं लाळ पाह्यली अन् आरडाओरडा केला, "पिसाळला! मारा त्याले!" लाठ्या घेऊन सात-आठ जण आले. तुळसाबाई दारात उभी राह्यली. "माह्या अंगणात पाय टाकून पाहा एकानं. आधी मी चावते, मग तो."

आतून खाटेवरून अंकितनं हाक मारली. "आजी, तो पिसाळला नाही. तो माह्यासारखा उठते."

साऱ्यांच्या लाठ्या खाली आल्या. मी भुऱ्याले झोळीत घालून लांजीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं रक्त घेतलं, मांडीतला तांदळाएवढा तुकडा घेतला अन् कुठंतरी मोठ्या कॉलेजात धाडला. दीड महिन्यानं त्या कॉलेजातून डॉक्टर दीपिका आली. तिशीची असेल, मराठी बोले पण मधूनच हिंदीत घसरे. ती असा आजार असलेल्या कुत्र्यांचाच अभ्यास करत होती.

साधनानं पेटीतला नागपूरचा कागद दाखवला. तो वाचून, अंगणात बसून तिनं सांगतलं, "मावशी, भुऱ्याले अन् अंकितले एकच आजार आहे. स्नायूले धरून ठेवणारी एक वस्तू अंगात बनतच नाही. नवीन औषध आधी उंदरांवर पाह्यतात, पण उंदीर ह्या आजारातही पळत राह्यते. कुत्र्याचं अंग माणसासारखंच झिजते. म्हणून कुत्र्यात काय चालते ते पाह्यलं, तर पोरांसाठी पुढचा रस्ता दिसते."

"म्हणजे अंकितचं औषध निघालं?" तुळसाबाईनं सरळ विचारलं.

दीपिका खोटं बोलली नाही. "नाही. अंकितपर्यंत पोचंल असंही मी म्हणत नाही."

तुळसाबाईनं मान हलवली. मग दीपिका म्हणाली, "हा आजार रक्तातून येते. घरात त्याचा वाहक असते. वाहक स्वतः धडधाकट राह्यते, पण..."

"वाहक!" तुळसाबाई ताडकन उठली. "ऐकलं काय साधना? डॉक्टरीण बाई कॉलेजातून शिकून आली अन् पह्यला शब्द काय बोलली? वाहक! मी सहा वर्षं बोंबलून राह्यली, वाहकच आहे तो मेला, त्या लाल गाडीचा! धडधाकट फिरून राह्यला अन् पोट्टं इथं पडून!"

साधना हातातली परात ठेवून आत निघून गेली. दीपिका माह्या तोंडाकडे पाहे. तिले काय माहीत जावई कंडक्टर आहे म्हणून! मी समजावायले गेली, "मावशी, तो वाहक वेगळा, हा..." पण ऐकते कोण? मले म्हणते, "तू चूप. तुले त्याच्या गोळ्या गोड लागतात." तिले गोळ्या माहीत होत्या, हे मले त्या दिवशी समजलं.

दीपिका हुशार पोरगी. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "मावशी, मले फक्त लालीचं खानदान सांगा." हे विचारल्यावर तुळसाबाई शांत झाली, कारण हे तिच्या आवडीचं. तिनं टोपल्यातले चिंचोके काढले. जमिनीवर मांडायले लागली. जगलं ते पिल्लू म्हणजे काळा चिंचोका, भुऱ्यासारखं झालं ते साल काढलेला पांढरा. वर काळी, तिच्याखाली तिची पिल्लं. मग चांदी, तिची पिल्लं. मग लाली.

"हे पांढरे सारे नर काय?" दीपिकानं विचारलं.

"हौ. माद्या साऱ्या चांगल्या. नर काही चांगले, काही असे. आम्ही म्हणायचो, नराले थंडी बाधते."

"अन् ह्यांचे बाप?"

तुळसाबाई हसली. "कुत्र्याचा बाप कोण पाह्यते बाई? दर साली नवा. एक सालचा पाटलाकडचा, एक सालचा रस्त्यावरचा."

"बाप दर साली नवा," दीपिका हळूच म्हणाली, "अन् आजार मात्र तोच."

तुळसाबाईचा हात चिंचोक्यांवर थांबला. मग बोट एकेका मादीवरून खाली सरकलं. काळी, चांदी, लाली.

मग तिनं टोपल्यातून आणखी एक काळा चिंचोका काढला अन् बाजूले वेगळा ठेवला. "ही माह्यी माय," म्हणाली. त्याच्याखाली एक काळा. "ही मी." अन् त्याच्या शेजारी, दाताखाली साल फोडून, दोन पांढरे. "हा गणपत. हा शिवा. माह्ये भाऊ. एक पंधराव्या साली गेला, एक सतराव्या. मी तेव्हा लहान. कोणी म्हणे पोलिओ, कोणी म्हणे करणी. गणपतच्याही पिंढऱ्या..."

"प्रत्येक घरी आईकडूनच येते असं नाही," दीपिका म्हणाली. "कधी नव्यानंही होते. रक्त तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. अन् आला तरी त्यात आईचा दोष नाही मावशी. वाहकाले माहीतच नसते, आपण काय घेऊन चाललो ते."

साधना केव्हाची दारात येऊन उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आई, सहा वर्षं."

दीपिकानं रक्त घेतलं, मायचंही अन् लेकीचंही. तीन आठवड्यांनी फोन आला. दोघीही वाहक. मी निरोप घेऊन गेली तेव्हा तुळसाबाई अंकितले पाणी पाजून राह्यली होती, एक एक चमचा. आता त्याले घोट गिळायले वेळ लागे. झोपेत श्वास अडखळे. डॉक्टरनं सांगतलं होतं, छातीचे स्नायूही थकले, यंदाचा हिवाळा जड आहे. तिनं निरोप ऐकला, चमचा पुसला अन् म्हणाली, "लाल गाडी लांजीले किती वाजता येते?"

"मी बोलावून आणते ना त्याले," मी म्हटलं.

"काहून? शिव्या देल्या मी, अन् माफी तू मागणार काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाले आम्ही दोघी लांजीच्या बसस्टँडवर. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं, विहारातल्या कार्यक्रमाले नेसते ते. गाडी आली. माणसं उतरली, चढली. तेजराम दारात उभा राहून तिकिटं फाडत होता. सासूले पाह्यलं अन् त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याले वाटलं, पोरगं गेलं. तो तिकिटाचं मशीन हातात घेऊनच खाली उतरला. "जय भीम, आई. अंकित...?"

"जय भीम. आहे अंकित. आहे." तिचा आवाज साऱ्या स्टँडले ऐकू जात होता. हळू बोलणं तिले येतच नाही, शिवी असो की माफी. "जावाईबापू, मी दहा माणसांत तुम्हाले बोलली, म्हणून इथं माणसांत सांगायले आली. वाहक तुम्ही नोहे. वाहक मी आहो. ते माह्या मायकडून आलं, माह्याकडून साधनाकडे गेलं, तिच्याकडून पोट्ट्याकडे. तुमच्या रक्तात काही नाही, तुमच्या बापाच्या रक्तात काही नव्हतं. मले कुत्रीनं शिकवलं, माणसाकडून मी शिकली नाही."

तेजराम आपल्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहे, तिच्याकडे पाहे. त्याले अर्धं समजलं असेल नसेल. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. ती म्हणाली, "लाज वाटते पण बोलते. पोट्ट्याजवळ दिवस कमी आहेत अन् त्यातली सहा वर्षं मी खाल्ली. घरी या."

तो रडला. गाडीभर प्रवासी खिडकीतून पाहत होते अन् तो मशीन तोंडाले लावून रडला. मलेही रडू आलं, सांगायले कशाची लाज!

रविवारी तो आला. उंबरठ्याशी थांबला. तुळसाबाईनं पायावर पाणी घातलं, जावयाच्या घालतात तसं. भुरा तोवर उरला नव्हता. आठ दिवसांपूर्वी त्याले ठसका लागला अन् तो अंकितच्या खाटेखालीच गेला. दीपिका येऊन त्याले अभ्यासासाठी घेऊन गेली. तुळसाबाईनं अंगणात खड्डा खणू देला नाही. "मातीत काय करायचं आहे त्याले? कोणाच्या तरी पोट्ट्याच्या कामी येईल," म्हणाली.

अंकित खाटेवर होता. बापाले पाहून त्यानं उशीखाली बोट सरकवलं अन् गोळ्यांचे कागद दाखवले, सहा वर्षांचे. तेजरामनं दोन्ही हात त्याच्या काखेत घातले, सहा-सात वर्षांच्या पोराले उचलतात तसे. त्याच्यासाठी अंकित तेवढाच होता ना! पण अंकितच्या खांद्यात जोर कुठं? तो बापाच्या हातातून खाली निसटायले लागला.

"तसं नाही पप्पा," तो म्हणाला. "आजीले विचारा."

तुळसाबाई पुढं आली. तिनं जावयाचा एक हात धरून पोराच्या गुडघ्यांखाली ठेवला, दुसरा पाठीमागून काखेपर्यंत नेला. "मान तुमच्या खांद्यावर येऊ द्या. आता उचला. हळू. श्वास लागला की थांबा." ती हे सारं सांगत असताना तेजरामनं पोराले उचललं अन् दारातून बाहेर उन्हात नेलं, लालीजवळ.

तुळसाबाई खाटेजवळ उभी राह्यली. रोज उठून ह्या वेळी तीच त्याले उन्हात न्यायची. तिचे दोन्ही हात अजून तसेच पुढं होते, काहीतरी धरल्यासारखे. मी म्हटलं, "मावशी, बसा." ती बसली नाही. हात कुठं ठेवावे, हेच तिले समजत नव्हतं.